न पेटणारं लाकूड

उत्तमराव खानविलकरांना सरळ प्रश्नाचं सरळ उत्तर देता येत नसे, आणि यात त्यांचा फारसा दोष नव्हता. त्यांची सगळी हयात विमा कंपनीच्या दक्षता विभागात गेली होती. जळालेल्या गोदामाचा मालक रडत आला, की तिथे तो का रडतोय याचा आधी तपास व्हायचा आणि पाणी मागाहून विचारलं जायचं. निवृत्त होताना कंपनीने त्यांना शाल दिली, श्रीफळ दिलं. संशय तेवढा काढून घ्यायचा राहून गेला. शाल त्यांनी उजेडात धरून पाहिली आणि नारळ कानाशी हलवून पाहिला. भाईंदरला ते राहत त्या जेसल पार्कात कुणी 'काय उत्तमराव, बरं आहे ना?' असं विचारलं, की ते त्या माणसाकडे क्षणभर निरखून बघत आणि म्हणत, "सांगता येत नाही."

अशा माणसाने जळाऊ लाकडाच्या धंद्यात का पडावं? तर तेही संशयापोटीच.

झालं असं, की माघी गणपतीच्या सुमाराला त्यांचा मेहुणा यतीन सगळ्यांना चेण्याला जेवायला घेऊन गेला. घोडबंदर रस्त्याला लागून एक ढाबा होता, त्यावर 'चुलीवरचं गावरान जेवण' अशी पाटी होती. कोंबडीचा रस्सा आला, भाकरी आल्या, उत्तमरावांच्या पत्नी शुभदावहिनींनी 'चव बघा चुलीची!' म्हणून मान डोलावली. उत्तमरावांनी मात्र रश्श्याचा वास घेतला, मग भाकरीचा घेतला आणि ते हात धुवायला म्हणून जे उठले ते मागच्या दाराने थेट मुदपाकखान्यात गेले. चूल होती. शेणाने सारवलेली, झेंडूची माळ घातलेली, वर चकचकीत पितळी हंडा. उत्तमरावांनी राखेत बोट घातलं. राख गार होती. पलीकडे पडद्याआड गॅसच्या शेगड्या फुरफुरत होत्या.

"हं," उत्तमराव म्हणाले. हा 'हं' ऐकून भल्याभल्या गोदाममालकांनी आपले दावे मागे घेतले होते.

ढाब्याचा मालक मितेश हा गोरागोमटा तरुण गडी. तो घाबरण्याऐवजी उलट हात जोडून उभा राहिला. "काका, बसा. तुम्हीच सांगा, काय करू? लाकूडवाले ओलं लाकूड टाकून जातात. चूल पेटवली की एवढा धूर, की गिऱ्हाईक रडतं. एक आजी तर बाहेर पडून म्हणाल्या, जेवण चांगलं होतं पण कुणी गेलंय का? सुकं लाकूड आणि पेटवायला चांगल्या काटक्या कोण देतो का बघा. मी आजपासून गॅस बंद करतो."

उत्तमराव टेबलावर परत आले ते धंदेवाले होऊन. सुक्या लाकडाची खात्री द्यायला संशयी माणसापेक्षा लायक कोण? ओलं लाकूड सुकं म्हणून त्यांच्या गळ्यात कोण मारणार? यतीन हे ऐकून इतका हसला, की त्याच्या नाकात रस्सा गेला.

यतीनचं हसणं समजण्यासारखं होतं. स्टेशनजवळ त्याचं सहलींचं ऑफिस होतं आणि भाऊजींना तिथे गल्ल्याशेजारी बसवायचं त्याने केव्हाच ठरवलं होतं. काम सोपं होतं. पिवळीधमक टोपी घालायची, तिच्यावर 'चला यतीनसंगे' असं लिहिलेलं, आणि येणाऱ्याला चारधामचं पत्रक द्यायचं. शुभदावहिनींचाही याला रुकार होता. उत्तमराव घरी असल्यापासून दूधवाला दुधाबरोबर खुलासाही देत होता, आणि कामवाल्या बाया तर जबाबाला कंटाळून टिकत नव्हत्या. त्या नवऱ्याला म्हणाल्या, "होळीपर्यंत काय तो तुमचा लाकडाचा धंदा करून बघा. जमला तर मी बोलणार नाही. नाहीतर धुळवड झाली की टोपी."

टोपी! ज्या डोक्याने एका मिलमालकाची खोटी आग ओळखली, त्या डोक्यावर पिवळी टोपी. उत्तमरावांना त्या रात्री झोप लागली नाही. मितेशने ऑर्डर दिली होती ती होळीच्याच दिवसाची. धुळवडीला ढाब्यावर जत्रा लोटते, तेव्हा आदल्या संध्याकाळपर्यंत टेम्पोभर सुकं लाकूड आणि काटक्यांच्या मोळ्या पोचायला हव्यात. माल पसंत पडला, तर कायमचं काम. म्हणजे टोपी की इभ्रत, याचा निकाल होळीला लागायचा होता.

पहिल्यांदा परवाना. यासाठी ते एका सरकारी कचेरीत गेले. तिथे लाकूड या विषयावर एकमत नव्हतं. झाड असेल तर एका टेबलाकडे, जळणार असेल तर दुसऱ्या, विकणार असाल तर तिसऱ्या. शेवटी ज्या टेबलाकडे कुणीच पाठवलं नव्हतं, तिथल्या बाईंनी आपणहून बोलावलं आणि कागद पुढे ओढून विचारलं, "लाकूड पेटतं का?"

उत्तमराव सावध झाले. हा प्रश्न वाटतो तितका भोळा नाही, हे त्यांच्या लगेच लक्षात आलं. पेटतं म्हणावं, तर आगीचे कागद मागणार. नाही म्हणावं, तर मग विकता कशाला, असं विचारणार. त्यांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "सांगता येत नाही."

बाईंची जेवणाची वेळ झाली होती. त्यांनी शिक्का मारला. उत्तमरावांनी घरी येऊन वाचलं, तर लिहिलं होतं : 'मालाचे वर्णन — सुके लाकूड (न पेटणारे)'. परत जाऊन 'बाई, आमचं लाकूड पेटतं हो' असं सांगणं म्हणजे आपणहून कबुलीजबाब देण्यासारखं होतं. तो मूर्खपणा त्यांनी केला नाही.

मग जागेचा प्रश्न आला. जागा मिळेपर्यंत त्यांनी काटक्या सोसायटीच्या आवारातच रचायला सुरुवात केली. खाडीपलीकडच्या एका वखारीतून ते लाकडं आणत, कोयत्याने त्यांच्या ढलप्या काढत आणि सुतळीने मोळ्या बांधून गेटजवळच्या बाकाशेजारी लावून ठेवत. हा बाक म्हणजे सोसायटीचं वैभव. एक पाय तुटलेला, तिथे वीट लावलेली. चेअरमन लीलाधरभाई रोज संध्याकाळी त्यावर बसून जगाचा कारभार पाहत.

"उत्तमभाई, धंधो सारो छे," लीलाधरभाईंनी पहिल्याच दिवशी सल्ला दिला. "पण ढाबा-बिबा सोडा. स्मशानाचं काम पकडा. मंदी नाही, उधारी नाही, कस्टमर कंप्लेंट करत नाही."

दुसऱ्या मजल्यावरच्या हंसाबेन म्हणाल्या, की घराजवळ मोळी दिसणं शुभ नाही, तिच्यावर निदान एखादी चांगली चादर घाला. घातली, तर येणारे-जाणारे नमस्कार करायला लागले. वॉचमन उत्तमरावांना पाहून आता टोपी काढायचा आणि हळू आवाजात विचारायचा, "आज किसका?" उत्तमरावांचा अपमान होत होता. आणि त्याहून वाईट म्हणजे, हे सगळं ठरवून चाललंय असा त्यांना दाट संशय होता.

शेवटी मोरव्यात जागा मिळाली. भाईंदर पश्चिमेचं हे जुनं कोळ्यांचं गाव. तिथल्या जिजाबाईची जाळी ठेवायची पडवी रिकामी होती. जिजाबाई म्हातारी, ठसठशीत कुंकू, आवाज थेट खाडीपार जाणारा. "लाकरंच ठेवायची ना? मंग ठेव की," एवढंच म्हणून तिने किल्ली दिली. इतक्या चटकन किल्ली देणाऱ्या बाईचा हेतू काय असावा, याचा उत्तमराव रिक्षात बसून स्टेशनपर्यंत विचार करत होते.

माल हलवायचा तर गुपचूप. सोसायटीत कुणाला पत्ता कळता कामा नये, कारण पत्ता कळला की लोक येतात, आणि लोक आले की काहीतरी घेऊन जातात. टेम्पोवाला महिपत हा कमी बोलणारा म्हणून निवडला होता. त्याला बजावून ठेवलं, "पहाटे यायचं. गेटजवळ जेवढं म्हणून लाकूड आहे तेवढं टेम्पोत घालायचं. कुणाला विचारायचं नाही, कुणी विचारलं तर सांगायचं नाही. मलासुद्धा काही विचारू नकोस."

"बरं साहेब," महिपत म्हणाला.

आणि त्याने तसंच केलं. उत्तमराव संशय नको म्हणून तासाभराने निघाले. मोरव्याला पोचेपर्यंत माल पडवीत उतरून महिपत निघूनही गेला होता. त्याला दिलेली किल्ली कुलपातच लटकत होती, कुलूप उघडंच होतं, आणि मोळ्या थोड्या कमी वाटल्या. उत्तमरावांनी महिपतचं नाव मनातल्या यादीत घातलं.

त्याच संध्याकाळी जेसल पार्कात बोंब झाली. बाक नाहीसा झाला होता! वीट तेवढी जागेवर होती. लीलाधरभाई विटेकडे बघत उभे होते आणि सोसायटी लीलाधरभाईंकडे. मग हळूहळू सगळ्यांच्या माना उत्तमरावांच्या खिडकीकडे वळल्या. लाकडाची वस्तू गेली, आणि इमारतीत लाकडाचा व्यापारी एकच.

"मी काही बोलत नाही," लीलाधरभाई जिन्यात म्हणाले. "फक्त विचारतो. बाक सागाचा होता. साग चांगला जळतो ना?"

"लीलाधरभाई!" उत्तमराव म्हणाले, "आयुष्यभर मी चोर पकडलेत. एका माणसावर पुराव्यावाचून संशय घेताना लाज नाही वाटत?"

हे वाक्य त्यांनी इतक्या वर्षांत दुसऱ्यांच्या तोंडून हजारदा ऐकलं होतं. स्वतःच्या तोंडून ऐकताना ते भलतंच पोकळ वाटलं. खरोखर निर्दोष माणूससुद्धा असाच बोलतो, हे त्यांना प्रथमच कळलं आणि फार वाईट वाटलं. लिफ्टमध्ये ते शिरले की लोक गप्प बसत. हंसाबेननी आपलं पोळपाट-लाटणं दाराबाहेर वाळत घालायचं बंद केलं.

इकडे मोरव्यात वेगळाच प्रकार. पडवीतून रोज काटक्या कमी होत होत्या. आज एक मोळी, उद्या दोन ओंडके. उत्तमरावांनी कुलूप बदललं, तरी माल कमी. मग दक्षता विभागातली जुनी युक्ती काढली. तैलरंगाचा डबा आणून प्रत्येक लाकडाच्या कापलेल्या तोंडावर लाल ठिपका दिला. चोरी थांबली नाही. फक्त आता ठिपकेवाली लाकडं जायला लागली. शेवटी त्यांनी जिजाबाईलाच गाठलं.

"जिजाबाई, माझी लाकडं कुणीतरी चोरतंय."

"हा. पोरं नेतात," जिजाबाई सुकट निवडता निवडता म्हणाली. "मागची फली ढिली हाय ना पडवीची, थितून."

"तुम्हाला माहीत आहे? आणि तुम्ही गप्प बसलात?"

"आरं, होली आली. होलीची लाकरं चोरूनच न्यायची आसतात. मागून आनली तर ती होली कसली?"

"ही चोरी आहे, जिजाबाई!"

"चोरीच हाय," जिजाबाईने शांतपणे मान्य केलं. "माझं पन परसाचं दार नेलंय. मी बोंबलली का? आनि ऐक, होलीवर घातलं की मंग ते देवीचं. कुनाच्या बापाला परत न्हाय मिलत."

गुन्हेगार समोर उभा राहून गुन्हा कबूल करतोय आणि वर त्याला रीत म्हणतोय, असा दावा उत्तमरावांच्या उभ्या कारकिर्दीत आला नव्हता. त्यांनी मितेशच्या मालासाठी पक्का बेत आखला. जुनं जाऊ दे. होळीच्या दिवशीच सकाळी वखारीतून ताजा टेम्पो भरायचा आणि गावाला सुगावा लागायच्या आत कामगिरी उरकायची. आदल्या दिवशी ते स्वतः वखारीत गेले, दोन-दोन लाकडं एकमेकांवर आपटून त्यांचा खणखणीत आवाज ऐकला, ओलं वाटलं ते बाजूला केलं आणि उरलेल्या प्रत्येकाला लाल ठिपका लावला. वखारवाल्याला वाटलं पूजा चाललीय. त्याने चप्पल काढली.

"अहो, मग टेम्पो वखारीतून सरळ चेण्यालाच का नाही पाठवत?" शुभदावहिनींनी विचारलं. प्रश्न बिनतोड होता. पण मितेशने सांगितलं होतं की दुपारची गर्दी ओसरल्यावर आणा, आणि महिपतला दुपारी दुसरं भाडं होतं. भरलेला टेम्पो तासभरसुद्धा दुसऱ्याच्या हाती सोडायचा नाही, हा उत्तमरावांचा नियम. तेव्हा माल आधी पडवीत, नव्या कुलपात, ढिली फळी ठोकून, आणि चारनंतर चेण्याला.

"सरळ पाठवावा, असंच तर त्यांना वाटतंय," ते म्हणाले.

"कुणाला?"

"सांगता येत नाही."

होळीच्या दिवशी उत्तमराव टेम्पोत बसले नाहीत. मालक आणि माल एकत्र दिसले की माल कुणाचा ते कळतं. ते बरंच अंतर ठेवून रिक्षाने निघाले. महिपतला सक्त ताकीद होतीच, माल कुणाचा हे प्राण गेला तरी बोलायचं नाही. भाईंदरच्या उड्डाणपुलावर टेम्पो पुढे गेला आणि रिक्षा लग्नाच्या वरातीमागे अडकली. रिक्षावाल्याने विचारलं, "साहब, उसने आपका क्या चुराया?" एवढ्यात महिपतचा फोन आला.

"साहेब, गल्लीत मंडप घातलाय, टेम्पो आत जात नाय. माल मैदानात उतरवला, वर ताडपत्री टाकली. कुणाला काय बोललो नाय. भाड्याला निघालो."

"कुठलं मैदान?" असं उत्तमराव ओरडले तेव्हा फोन बंद झाला होता.

मोरव्याचं मैदान एकच, आणि होळीच्या दिवशी तिथे काय असतं हे सांगायला नको. मधोमध उंच सावरीचा खांब उभा, त्याला पताका, भोवती पेंढा. आणि शेजारी, ताडपत्री काढून, उत्तमरावांचं टेम्पोभर लाकूड. त्याभोवती बाया, पोरं आणि पांढऱ्या टोपीतले धर्माजी. हे गावचे कारभारी. उत्तमराव धावत पुढे झाले आणि दहा पावलांवर थबकले.

धर्माजींच्या शेजारी एक खाकी कपड्यातला माणूस पाठमोरा उभा होता. खांद्यावर पट्ट्या, हातात काठी. त्या माणसाने एक लाकूड उचललं, उलटंपालटं केलं आणि काहीतरी विचारलं.

खिशातला परवाना उत्तमरावांना एकदम जड वाटायला लागला. 'न पेटणारे'. आता पुढे होऊन 'माल माझा' म्हणावं, तर तो खाकीवाला म्हणणार, कागद दाखवा. कागद दाखवला, तर म्हणणार, मग होळीशेजारी न पेटणारं लाकूड कशाला? हा सापळा होता. इतका साधा सापळा, की आपल्यासारखा माणूसच तो ओळखू शकतो, या विचाराने त्यांना थोडं बरंही वाटलं.

धर्माजींनी हात तोंडाशी नेला आणि गावाच्या रीतीप्रमाणे पुकारा केला, "मैदानात लाकरं पडल्यात! कुनाची हायत?"

उत्तमरावांनी परवान्याच्या खिशावर हात ठेवला.

"कुनाची हायत?" दुसऱ्यांदा. या वेळी धर्माजी थेट त्यांच्याकडेच बघत होते, किंवा तसं वाटलं. जिजाबाईसुद्धा बघत होती. सगळंच गाव बघत होतं. उत्तमरावांनी आकाशाकडे पाहिलं.

"कुनाची हायत? बोला, नायतर होलीची झाली!"

उत्तमरावांच्या ओठांवर ते आलं होतं. माझी. दोन अक्षरं. पण खाकीवाला नेमका तेव्हाच वळायला लागला, आणि ते पाठ फिरवून शेजारच्या भिंतीवरचं कुठल्यातरी क्लासचं पोस्टर वाचायला लागले. मागे बायांनी गलका केला. त्यांनी वळून पाहिलं तेव्हा लाकडांना हळदकुंकू लागलं होतं. आणि खाकीवाल्याने काठी वर करताच त्याच्यामागे पितळी पिपाण्या वाजायला लागल्या. तो बँडमास्तर होता.

उत्तमराव जिजाबाईच्या ओट्यावर जाऊन बसले. त्यांना कुणावरच संशय घेता येईना, आणि त्यामुळे ते अगदी एकटे पडले. त्यांनी घरी फोन केला. "शुभदा, संपलं सगळं. मोरव्याला ये." तेवढ्यात मितेशचा फोन आला, परत आला, पुन्हा आला. शेवटी जिजाबाईने फोन त्यांच्या हातातून काढून घेतला. "तो न्हाय बोलनार आता. तू कोन? ढाब्याचा? मोरव्याला ये रं बाबा, होली हाय. ये."

सूर्य खाडीत उतरायला लागला तशी माणसं जमली. शुभदावहिनी आल्या, त्यांना गाडीने यतीन घेऊन आला, आणि यतीनच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत पिवळी टोपी होती. "मापाची बघून ठेवू म्हटलं," तो म्हणाला. मितेश आला तो तणतणत. "काका, उद्या एवढे लोक येणार, आणि तुम्ही इथे बँड ऐकताय?"

उत्तमराव काही बोलणार तोच धर्माजी समोर आले. हातात नारळ होता.

"उत्तमशेट, पयला नारळ तुमी वाढवायचा."

"मी? का?" जुन्या सवयीने त्यांचे डोळे बारीक झाले.

"आवो, लाकरं तुमची. लाल ठिपका आख्ख्या गावाला ठावं हाय. मी तीनदा इचारलं, म्हटलं शेट मागेल तर देऊन टाकू, धंद्याचा माल हाय. तर तुमी तोंड फिरवलं. नावसुद्धा न्हाय घेतलं! आसं गुप्तदान मोरव्यात कुनी केलं न्हाय."

सगळं गाव टाळ्या वाजवायला लागलं. शुभदावहिनींनी नवऱ्याकडे असं पाहिलं, जसं त्यांनी लग्नानंतर बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. आपण ज्यांच्यापासून लपवत होतो त्यांना सगळं माहीत होतं, आणि तरी ते परत द्यायला तयार होते! फक्त मागायला हवं होतं. त्यांना लाज वाटली, भरून आलं, आणि त्यांनी तो नारळ कानाशी न हलवता घेतला.

होळी पेटली. आणि काय पेटली! एका काडीने काटक्यांनी पेट घेतला, काटक्यांनी ओंडक्यांना दिला, आणि ज्वाळा सरळ सावरीच्या शेंड्याला भिडली. लोक बोंबा मारत फेर धरायला लागले. मितेश मात्र जागेवरच उभा होता. तो डोळे चोळत होता; चोळण्यासारखं काही नव्हतं म्हणून चोळत होता.

"काका," तो म्हणाला, "धूर कुठे आहे?"

"नाही," उत्तमराव म्हणाले.

"एवढ्या मोठ्या आगीत धूर नाही? कुणाचं लाकूड हे?"

चौथ्यांदा तोच प्रश्न. या वेळी उत्तमरावांनी तोंड उघडलं. "माझं," ते म्हणाले, आणि थोडं थांबून, "आणि ते पेटतं."

"मग मला आजच पाहिजे! दर आठवड्याला पाहिजे. पण आता?" मितेशचा चेहरा पडला. "हे तर..."

"हे न्हाय मिलायचं," जिजाबाई मध्येच म्हणाली. "दिलेलं परत न्हाय घेता येत. पन चोरलेलं परत देता येतं. एवढं लाकूड आयतं आलं, मंग पोरांनी चोरलेलं तसंच परून हाय माझ्या परसात. न्या ते!"

भाडं संपवून परतलेल्या महिपतने टेम्पो परसामागे लावला, आणि गावातल्या पोरांनी हां हां म्हणता सगळं बाहेर काढलं. ठिपकेवाल्या मोळ्या, ओंडके, जिजाबाईचं दार (ते तिने ताबडतोब काढून घेतलं) आणि सर्वांत तळाशी, तीन पायांचा, ओळखीचा, सागाचा बाक.

उत्तमरावांनी बाकाकडे पाहिलं. मग त्या पहिल्या दिवशीचं उघडं कुलूप आठवून महिपतकडे पाहिलं.

"तुम्हीच म्हणालात," महिपत म्हणाला, "गेटजवळ जेवढं म्हणून लाकूड आहे तेवढं. आणि तुम्हाला काय विचारायचं नाय."

यतीन पुढे आला आणि भाऊजींच्या कानाशी लागला. "होळीत टाकून द्या. कुणाला कळतंय? परत नेलात तर चोर म्हणून शिक्का बसेल." धर्माजींनी बाक पाहून सवयीने हात तोंडाशी नेला होता. "कुनाचा हाय?"

"आमच्या सोसायटीचा," उत्तमराव पहिल्याच पुकाऱ्याला म्हणाले. "मी चोरलाय. परत न्यायचाय."

मितेशचा माल टेम्पोने चेण्याला गेला. टोपी पिशवीतून बाहेर आली नाही. आणि धुळवडीच्या सकाळी, रंगलेल्या पोरांच्या देखत, उत्तमराव स्वतः बाकाचं एक टोक धरून जेसल पार्काच्या गेटातून आत आले. त्यांनी बाकाची तुटक्या पायाची बाजू विटेवर टेकवली आणि लीलाधरभाईंसमोर ताठ उभं राहून जन्मातलं पहिलं सरळ निवेदन केलं. "लीलाधरभाई, बाक मी नेला होता. माझ्याच सांगण्यावरून टेम्पोत गेला. चूक माझी. माफ करा."

लीलाधरभाई बाकावर बसले. त्यांनी उत्तमरावांचा चेहरा न्याहाळला. मग त्यांनी हळूच मान हलवली.

"ना, ना, उत्तमभाई. मी दुनिया पाहिली आहे. चोर असा दिवसाउजेडी माल परत आणतो का? तुम्ही कुणाला तरी वाचवताय." ते आणखी जवळ सरकले. "घरचाच माणूस आहे ना? तो तुमचा मेहुणा, पिवळ्या टोप्यांवाला, सारखा इथे गाडी लावायचा. खरं सांगा. त्यानेच नेला ना?"

उत्तमरावांनी तोंड उघडलं. समोर यतीनची गाडी उभी होती, आणि यतीन त्यांना धुळवडीच्या शुभेच्छा द्यायला दोन्ही हात पसरून येत होता.

"सांगता येत नाही," उत्तमराव म्हणाले.